सूर्यभान आबदाराची खरेदी

सूर्यभान अमरावतीतल्या एका कापूसवाल्या साहेबाच्या बंगल्यावर आबदार होता. आबदार म्हणजे पाणी अन् दारू गार करणारा गडी. घंगाळात पाणी घ्यायचं, त्यात सोरा टाकायचा आणि बाटलीची मान धरून ती गरगर फिरवत बसायचं. सोरा विरघळला की पाणी असं गारठायचं, की भर वैशाखात सूर्यभानची बोटं आखडून जायची. पाच वर्षं त्यानं हे काम केलं आणि पाच वर्षांत दारूचा एक थेंब जिभेला लावला नाही. रिद्धपूरला उपदेश घेतलेला महानुभाव तो. हात बाटलीवर, पण तोंड स्वच्छ. बाकीचे नोकर हसत. हसू दे म्हणायचा.

तो बंगल्याला चिकटून होता तो पगारासाठी नाही. बंगल्याच्या विहिरीसाठी. त्याचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणातलं. तिथल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात असं खारट होतं, की डाळ शिजत नाही अन् तहान भागत नाही. त्या पाण्यावर त्याची दोन लेकरं गेली. दोन्ही उन्हाळ्यातच, हगवणीनं. आता बायकोला, जमुनेला, सातवा लागला होता. बंगल्यामागच्या खोलीत ती राहत होती, विहिरीचं गोडं पाणी पीत होती, अन् तिच्या तोंडावर तेज आलं होतं. आषाढापर्यंत इथं निभलं की झालं, एवढंच सूर्यभान देवाजवळ मागत होता.

आणि नेमकं तेव्हाच साहेबाचं पोट बिघडलं. डाक्तरानं लाल दारू अन् ब्रांडी बंद केली. उन्हाळाभर घ्यायचीच असेल तर द्राक्षाची पांढरी घ्या म्हणाला. बंगल्यावर पांढरी कधी आलीच नव्हती. त्यात मुंबईहून पेढीचा बडा साहेब आठ दिवसांत जेवायला येणार होता. साहेबानं सूर्यभानला बोलावून तीन शब्द सांगितले. सफेद, हलकी, सस्ती. बारा बाटल्या. नाही आणल्यास तर बिऱ्हाड उचल.

सूर्यभाननं अमरावती पालथी घातली. अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाचं सोनं केलं, त्याचं हे चौथं वर्ष. दलालांच्या हाती इतका पैसा खुळखुळत होता, की एकानं म्हणे लेकाच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्याचे पाय विलायती दारूनं धुतले. दुकानदार पांढऱ्या बाटलीचा असा भाव सांगत, की सूर्यभान ती परत ठेवताना दोन्ही हात लावी. सफेद होती, हलकीही असेल. सस्ती कुठंच नव्हती.

तेव्हा कुणीतरी सांगितलं, अकोल्याचा पारशी दुकान आवरून राहिला, माल पडत्या भावात काढतो आहे. सूर्यभाननं साहेबाची दमणी मागून घेतली, बैल जुंपले आणि निघाला. निघताना जमुनेनं भाकरी बांधून दिली. पाण्याचा तांब्या मात्र त्यानं परत तिच्याच हातात दिला. वाटेत मिळंल म्हणाला.

अडीच दिवसांनी अकोल्याला पोचला तेव्हा ओठांना भेगा पडल्या होत्या. पारशी मुंबईला निघून गेला होता. दुकानात त्याचा गुमास्ता बसला होता, बाळापूरचा हरिहरपंत. जानवं कानाशी, नाकाला उपरण्याचं टोक. दारूच्या वासानं त्याचं डोकं दुखे, पण पारशानं विकून टाक म्हटलं होतं, अन् तो विकत होता.

पांढऱ्या बाटल्या होत्या. दोन जातीच्या. दोन्हींवरचे कागद पाण्यानं गळून गेलेले आणि दोन्हींचा भाव एकच. तेवढा भाव सूर्यभानच्या कनवटीला होता.

"यातली उन्हाळ्याची कोणची, पंत?"

"मले काहून इचारतं बाप्पा? मी कधी बोट बुडवलं नाई. शेठ म्हणे, गिऱ्हाइकाले चाखू द्या, तेच ठरवते."

पंतानं दोन्ही जातींची एकेक बाटली फोडली, दोन द्रोणांत थोडीथोडी ओतली अन् तोंड फिरवून बसला. एक पाण्यासारखी पातळ, जराशी हिरवट. दुसरी पिवळीधमक, मधासारखी द्रोणाला चिकटणारी.

रंगावरून काय कळणार? वासावरून काय कळणार? बारा बाटल्या नासक्या निघाल्या तर जमुनेला खारपाणात न्यावं लागणार, ऐन उन्हात, पोटातल्या जीवासकट. सूर्यभाननं डोळे मिटून नाव घेतलं. मग पहिला द्रोण तोंडाला लावला.

आंबट. दात शिवशिवले. त्याला लहानपणची शिंदी आठवली. प्यायला नव्हता, पण गावात सारे जाणत होते. पहाटे उतरवलेली शिंदी गोड असते, दुपार झाली की आंबते. गोड ती ताजी, आंबट ती नासलेली. त्यानं दुसरा द्रोण घेतला. गोड, गुळमट, काकवीसारखी. गळ्याखाली जाताना गळा जळला अन् डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं, हे त्यानं पंताला सांगितलं नाही.

"हे आंबट नासली पंत. मोरीत ओता. मले पिवळी द्या, बारा."

पंतानं खरंच ती फोडलेली बाटली मोरीत ओतली. वर आणखी, चांगलं पारखतं रे तू, असंही म्हणाला.

येताना सूर्यभाननं बाटल्यांवर ओलं पोतं टाकलं. विहीर दिसली की आधी पोतं भिजवायचा, मग बैलांना पाजायचा, मग स्वतः प्यायचा. एकही बाटली फुटू दिली नाही. जेवणाच्या दिवशी दुपारपासून घंगाळाशी बसून त्यानं त्या अशा गार केल्या, की काचेवर दव धरलं. हात सुन्न पडले तरी फिरवत राहिला.

पाहुण्यानं एक घोट घेतला, साहेबाकडे पाहिलं आणि हसला. साहेबानं घोट घेतला. तो हसला नाही. पेला व्हरांड्याच्या कडेला उपडा केला.

नेमकं काय झालं ते खानसाम्यानं सकाळी सांगितलं. ही दारू जेवणानंतर, थंडीच्या दिवसांत, अंगठ्याएवढ्या पेल्यात घ्यायची. उन्हाळ्यात साहेब लोकांना पातळ लागते, हिरवट, आंबटसर. जितकी आंबट तितकी तहान मारते. सूर्यभान ऐकत होता आणि व्हरांड्याच्या फरशीकडे पाहत होता. जिथं साहेबानं पेला उपडा केला होता तिथं मुंग्यांची काळी रांग लागली होती.

त्यानं साहेबाचे पाय धरले. दीड महिना राहू द्या, बिनपगारी राबतो, म्हणाला. पण मुंबईच्या साहेबानं आणलेली बातमी वाईट होती. अमेरिकेतली लढाई मिटली होती अन् कापूस उतरायला लागला होता. साहेबाला आता आबदारच नको होता. खाली न पाहता तो म्हणाला, आजच.

सूर्यभाननं दुसरं काही मागितलं नाही, विहिरीचं पाणी मागितलं. तीन माठ भरले, तोंडं फडक्यानं बांधली, भाड्याच्या गाडीत कडब्यात रुतवले, वर ओलं पोतं गुंडाळलं. जमुना एकटी पिली तर दहा दिवस. आषाढ त्याहून कितीतरी लांब होता.

दर्यापूरच्या वाटेवर ऊन असं पडलं होतं, की काळी जमीन पायाएवढ्या भेगांनी उलली होती. बराच वेळ गाडी चालल्यावर सूर्यभाननं बायकोला सांगून टाकलं, की अकोल्याला आपण पिलो.

जमुनेनं विचारलं, "कशी व्हती?"

"एक आंबट व्हती. एक गोड."

"मंग गोडच घेईल ना कोणीबी," ती म्हणाली. "मीबी गोडच घेतली असती."

तिनं माठाचं फडकं सोडलं, तांब्या भरला आणि त्याच्यापुढं केला. सूर्यभाननं तांब्या हातात घेतला. पाणी अजून गार होतं. त्यानं ते तसंच, एक थेंब न सांडता, परत माठात ओतलं, फडकं बांधलं अन् पोतं नीट केलं. गावची विहीर कोसभरावर आली होती. तो तिथं पिणार होता.