अबरारच्या पोटदुखीचा सौदा

अबरार माझा सख्खा धाकटा भाऊ. बावड्यापासून बारामतीपर्यंत शेरडांच्या बाजारात त्याच्या तोडीचा व्यापारी न्हाय, आन् त्याला तयार केला मी. शाळा माझी सातवी, पण बोकडाच्या पाठीवर नुसता हात ठेवून वजन सांगतो. किलोभर इकडंतिकडं झालं तर नावाचा इकबाल न्हाय.

तर ह्यो अबरार रातभर पोट धरून बसला. सकाळी वाकून चालाय लागला तवा गाडीवर घालून आरोग्य केंद्रात न्हेला. तितं पुण्याच्या डॉक्टर मॅडम स्क्रीनवर दिसत्यात. अनिता सिस्टरनी आधीच बजावलं, "इकबालभाई, मॅडमना पोटाला हात लावता येत न्हाय. पेशंट सांगंल त्यावरच सगळं. खरं सांगा."

मॅडमनी इचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

अबरार म्हणला, "तुमीच बोला."

"मी कशी बोलू? पोट तुमचं आहे."

"माल माझा हाय. पण पयलं गिऱ्हाईक बोलतं."

मॅडम गोंधळल्या. "बरं, पाच धरू?"

"पाचात न्हाय परवडत."

"मग नऊ?"

"नऊ लई व्हतंय. तुमचंबी ऱ्हाऊ द्या, माझंबी ऱ्हाऊ द्या. सहात मिटवा."

सिस्टर वरडल्या, "अवो, दुखणं हाय ते, बोकड न्हाय!"

बाकड्यावर निरवांगीचा हिंदुराव बसला व्हता. त्योबी शेरडांचाच व्यापारी, गुडघा दाखवाय आलेला. म्हणला, "अबरारशेठ, चारात देताय का? मी घिऊन जातो."

"चारात तुझा गुडघा दे," अबरार कण्हत म्हणला.

मॅडमचा आवाज चढला. "खरं कळलं नाही तर मी उपचार काय सांगू? अपेंडिक्स असेल तर पोटातच फुटेल. जिवावर बेतेल!"

मी अबरारकडं बघितलं. घामानं न्हाला व्हता, पण हिंदुरावाच्या देखत खरं सांगंना. त्यात त्याची चूक न्हाय. चार लोकांत खरा आकडा कोण बोलतं? आमचा खरा भाव टॉवेलाखाली ठरतो, बोटं धरून. आन् टॉवेलाखाली भाऊ भावाला खोटं सांगत न्हाय.

खांद्यावरचा टॉवेल काढला आन् आमच्या दोघांच्या हातावर टाकला. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच.

"इचारा, मॅडम."

"रात्री सुरू झालं तेव्हा किती होतं?"

अबरारनं तीन बोटं धरली, दुसरा हात बेंबीवर ठेवला. "तीन," मी सांगितलं. "बेंबीपाशी."

"आणि आता?"

पंजा, वर दोन बोटं. दुसरा हात बेंबीवरनं खाली सरकला. "सात. खाली, उजवीकडं."

हिंदुराव म्हणला, "इकबालशेठ, तुमी तर समदं मोठ्यानं सांगताय!"

"मी सांगतोय. त्यो कुठं सांगतोय?"

सिस्टरनी उजवीकडं पोट दाबलं. आठ. मग झटक्यात हात उचलला, तसा अबरारनं माझा पंजा लागोपाठ दोनदा असा आवळला की अंगठी बोटात रुतली.

"धा!" मी बोंबललो.

"दाबल्यापेक्षा सोडताना जास्त?" मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "एक मिनिट थांबू नका. बारामतीला न्या!"

संध्याकाळी बारामतीत ऑपरेशन झालं. डॉक्टर भाईर आले, म्हणले, "फुटायच्या बेतात होतं. वेळेत आणलंत."

"आणणारच," मी म्हणलो. "आकडा कुणी काढलाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. "गॅस सरला का? त्याशिवाय चहा नाही."

उशाशी अबरारची बायको परवीन बसलेली. अबरार लाजून भिताडाकडं तोंड करून पडला. डॉक्टर पुढच्या खाटंकडं वळले, आन् तेवढ्यात सरला. शेजारचं म्हातारं दचकून उठलं. परवीननं पदरात तोंड घातलं, डॉक्टर हसत म्हणले, "द्या चहा."

मी वार्डातनंच बावड्याला फोन लावला आन् सगळ्या आळीला कळवलं, "अबरारचा गॅस सरला!"