मादी आठ, नर तेवीस

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी बारा वर्षं नोकरी केली. नव्वदच्या दशकात तिथं पहिला कॉम्प्युटर आला, आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेला मी एकटाच असल्यामुळं तो माझ्या ताब्यात आला.

कंपनीचा सगळा जीव एका यादीत होता. बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना आम्ही ज्यांच्या संकरातून नवं वाण तयार होतं त्या नर-मादीच्या बियांच्या पिशव्या द्यायचो, त्यांवर नुसते आकडे. अशा बऱ्याच जोड्या होत्या. बाजारात सगळ्यात जास्त चालणारं कापसाचं वाण मादी आठ आणि नर तेवीस यांच्यापासून होतं, हे फक्त त्या यादीत लिहिलेलं. यादी फ्लॉपीवर ठेवायची, फ्लॉपी लोखंडी कपाटात, असा आमच्या शास्त्रज्ञ साहेबांचा नियम होता. पण फ्लॉपीला बुरशी धरायची. म्हणून मी यादी गुपचूप कॉम्प्युटरमध्येच उतरवून ठेवली होती.

एका भादव्यात आमचा सुपरवायझर शहागडहून मोटारसायकलवर परत आला तो थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरला.

"दुसऱ्या कंपनीचा प्लॉट पाहून आलो, मालक. नर आपलाच हाय. पाकळीच्या बुडाला तोच लाल ठिपका. अन् मादीबी आपलीच."

पिशव्या कुठूनही मिळाल्या असत्या. पण त्यातली कुठली जोडी त्या चालणाऱ्या वाणाची, हे कळायला यादीच लागत होती.

मालकांनी तिघांना बोलावलं: शास्त्रज्ञ साहेब, मी आणि चाचा. चाचा आमचे टायपिस्ट. कॉम्प्युटर येण्याआधी यादी तेच टाइप करायचे. मला ऑफिसचं काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा जावई त्याच दुसऱ्या कंपनीत ड्रायव्हर होता.

"जावयाला काय काय सांगितलं?" मालकांनी विचारलं.

"बिलकुल काही न्हाई, मालक. घरात आम्ही कामाची बातच करत न्हाई."

"मंग यादी काय उडून गेली?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. कारण मला तेव्हाच आठवलं होतं. उन्हाळ्यात कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मी तो औरंगाबादला दुरुस्तीला पाठवला होता. आठ दिवस तो तिथल्या दुकानात उघडा पडून होता. यादी आत, पासवर्ड काहीच नाही. पाठवणीच्या कागदावर सही माझी.

त्याच दिवशी चाचांना काढलं. त्यांनी टेबलाच्या खणातला चष्मा घेतला, टाइपरायटरवर कव्हर घातलं आणि गेले. कुणी दारापर्यंतही गेलं नाही. मीही नाही.

घरी मी ताटावरून लवकर उठायचो. बायको विचारत राहिली, मी तिलाही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शास्त्रज्ञ साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"आता गप बसा," ते म्हणाले. "मालकांनी माणूस काढलाय. ते मागं घेणार नाहीत. तुम्हीही जाल, अन् नियम पाळला का नाही हे पाहिलं नाही म्हणून मीही जाईन."

मी गप बसलो. मालकांच्या दारापाशी दोनदा गेलो आणि वळलो.

दिवाळीनंतर एकदा चाचांच्या घरी गेलो. त्यांना काम मिळत नव्हतं. यादी फोडणारा म्हणून गावातल्या सगळ्या बियाणे कंपन्यांत नाव पोचलं होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आतल्या खोलीत चाची भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला.

"ही बात मालकाला सांगितली?" चाचांनी विचारलं.

"न्हाई."

"सांगणार हायेस?"

मी दाराकडं सरकलो.

"मंग मला कशाला सांगून राह्यलास, बेटा? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून?"

ते रागावले नाहीत. बस म्हणाले नाहीत, चहाही विचारला नाही. मी चपला घातल्या.

यादी त्या दुकानातूनच गेली का, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. शोध घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही, माणूस सापडला होता. त्या वर्षी मालकांनी पासवर्ड, कुलपं आणि ये-जा नोंदवायचं रजिस्टर, ही सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. पुढची सात वर्षं मी ती चोख सांभाळली. चाचा तहसीलच्या भिंतीपाशी अर्ज टाइप करत बसायचे. मी त्या रस्त्यानं जायचं बंद केलं. ते वारल्याचं मला महिन्याभरानं, ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून कळलं.