रेघेवरची काटी

भंडाऱ्याला बसस्टँडमागे माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यावर काही वर्षांनी इंटरनेटवरून एक वेगळंच काम मिळालं. तीनशे वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या हार्पसिकॉर्ड नावाच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी लिहिलेलं संगीत जुन्या पानांचे फोटो बघून कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उतरवायचं. शाळेच्या बँडपथकात होतो, तेव्हापासून ते नोटेशन मला वाचता येई.

स्वरांच्या डोक्यावर बारीक नागमोडी रेघा असत. काहींना मधोमध उभी काटी. पुस्तकाच्या सुरुवातीलाच संगीत रचणाऱ्यानं तक्ता दिला होता: नुसती रेघ असेल तर वरच्या स्वराला शिवून या, काटी असेल तर खालच्या.

तो तक्ता मी वाचला होता. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. नुसती रेघ एक कळ दाबली की यायची, काटीवाली यादीतून शोधावी लागे. मी सगळीकडे नुसतीच टाकली, आणि ‘मुळाशी ताडून पाहिलं’ असं लिहून निम्मं पुस्तक हे काम देणाऱ्या संपादक बाईंना पाठवलं.

एकदा अड्याळचे एक म्हातारे नातीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. उमेदीत दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचे. कॉम्प्युटरवर मी उतरवलेलं एक पान वाजत होतं. ते ऐकत उभे राहिले.

"भाऊ, हे समदे सूर वरच पाहून राहिले. खाली कोणी पाहतच नाई काय?"

"मशीन वाजवते, काका."

"अन् मशीनले कोन सांगते?"

मी एका ओळीत काट्या घातल्या नि पुन्हा लावलं. त्यांची बोटं काउंटरवर चालू लागली. दुसऱ्या खेपेला तर जागा यायच्या आधीच बोट खाली वळायचं. त्यांना नोटेशनचं एक चिन्ह वाचता येत नव्हतं. तरी त्या परक्या रचणाऱ्यानं जिथे काटी मारली होती, तिथेच यांचं बोट. मी बघतच राहिलो.

"आता बसलं," ते म्हणाले. "आधीचं कोनाले धाडलं त नाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

पाठवलेलं निम्मं पुस्तकात तसंच छापून निघालं. म्हातारे आता नाहीत. इतकं जपून खाली नेलेला स्वर कुठे कुठे माझ्यामुळे वर जात असेल. मागच्या आठवड्यात बाईंना सगळं लिहिलं, तक्ता वाचला होता हेही. उत्तर एका ओळीचं आलं: कोणकोणत्या जागा, ते कळवा.

पहिल्या पानावरच नऊ निघाल्या. दुरुस्त केलेली प्रत्येक जागा वाजवून बघतो, आणि तिथेच थांबून राहतो. काम पुढे सरकत नाही.