आधी माझा

सकाळची प्रार्थना संपली, की मोहिते सर सदऱ्याच्या खिशातून आपला चिमुकला रेडिओ काढायचे, व्हरांड्यातल्या काळ्या ट्रंकेत ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आधी माझा!" मग पोरांची रांग पुढे सरकायची. कुणाचा मुंबईच्या काकानं दिलेला वॉकमन, कुणाचा विटा रचायचा व्हिडिओ गेम, कुणाचं तासातासाला टीटी करणारं घड्याळ. "ह्ये लय बोलतंय रं," घड्याळाला थोपटत सर म्हणायचे, "झोपू दे की जरा त्येला." शाळा सुटली, की प्रत्येक वस्तू रुमालानं पुसून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. स्वतःचा रेडिओ सगळ्यांत शेवटी घ्यायचे.

मी सांगलीहून कुंडलजवळच्या त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले, तेव्हा नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पहिल्याच दिवशी सर अख्ख्या रांगेसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या पिशवीत कोण गातंय?" माझा वॉकमन चालूच राहिला होता. पोरं खिदळली. वॉकमन मुकाट्यानं ट्रंकेत गेला आणि मी सरांशी बोलणं टाकलं. त्यांनी मधल्या सुट्टीत भाजक्या शेंगांची पुडी माझ्यापुढे सरकवली. "सांगलीकरांचा राग शेंगांनी जातो म्हणत्यात," म्हणाले. मला हसू आवरलं नाही.

ती ट्रंक त्यांच्या मुलाची, दीपकची. तो फौजेत होता. नवी ट्रंक मिळाल्यावर सुट्टीत येताना ही जुनी त्यानं वडिलांना आणून दिली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं. जाता-येता सर उगाचच त्या नावावरची धूळ झटकायचे.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तिकडे वर, बर्फाच्या डोंगरांत लढाई पेटली होती. आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत. वॉकमन, गेम दिसेनासे झाले आणि पोरांच्या दप्तरांतून रेडिओ निघू लागले. नववीतल्या संगीताचे वडीलही तिकडेच होते. तिनं आपला रेडिओ छातीशी धरला आणि म्हणाली, "आवं सर, दुपारच्या बातम्या तेवढ्या ऐकू द्या की."

"न्हाई, पोरी. माझाबी हाय की त्यात. शाळा सुटूस्तवर बातमी कुठं पळून जाती?"

ती रडत वर्गात गेली. मी मात्र भांडले. एवढा कसला दगडी नियम, लेकरांचा जीव टांगणीला लागलाय, असं काय काय बोलले. सरांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, समजा आली तसली बातमी. साठ पोरांच्या वर्गात, कानाला रेडिओ लावून तिनं एकटीनं ऐकायची? असलं ऐकायचं झालं तर घरात, आईला खेटून बसून ऐकावं. माझ्यानं तेवढंच हुतंय."

एके दिवशी शेवटच्या तासाला फाटकाशी जीप थांबली. तालुक्याचे साहेब आणि दोन पोलीस उतरले. सर दहावीला बीजगणित शिकवत होते. साहेब दारात आले, त्यांनी टोपी काढली, आणि सरांच्या हातातला खडू तसाच थांबला. साहेब बोलणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला.

"हितं नगा सांगू. घरी गेला हुता का?"

"नाही, सर. वहिनी एकट्या असतील, म्हणून आधी तुमच्याकडं..."

"बरं केलंत. मग जरा थांबा."

घंटा झाली. हेडसरांनी रेडिओ वाटायला हात पुढे केला, पण सरांनी तो बाजूला सारला. एकेक रेडिओ पुसून त्यांनी स्वतः दिला. संगीताच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "पळ, आईकडं जा." मग ट्रंकेचं झाकण लावलं आणि आमच्यापुढे चालू लागले. घर मागच्याच गल्लीत. वहिनी सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एवढी माणसं बघून त्या उठू लागल्या. सर त्यांना खेटून खाली बसले, मांडीवरचं सूप अलगद बाजूला ठेवलं, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि मान वर केली.

"आता सांगा, सायेब."

मला तिथं उभं राहवलं नाही. अंगणातल्या पेरूला धरून मी रडले.

तेराव्यानंतर सर शाळेत आले. प्रार्थना झाली, रांग लागली, पण कुणी पुढे होईना. ट्रंकेत त्यांचा रेडिओ त्या दिवसापासून तसाच पडून होता. शेवटी संगीतानं आपला रेडिओ त्याच्या शेजारी ठेवला, मग बाकीच्यांनी ठेवले. संध्याकाळी सरांनी नेहमीप्रमाणे सगळे पुसून परत दिले आणि झाकण लावायला वाकले.

"सर, तुमचा राहिला," संगीता म्हणाली.

सरांनी झाकण लावलं आणि दीपकच्या नावावर तळहात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "आता आमच्याकडं कुठली बातमी यायची?"