अप्पांची दस्ती

अप्पा माझ्या आयुष्यात आले ते बसच्या खिडकीतून. म्हणजे ते स्वतः नव्हे, त्यांची दस्ती आली. मुंबईत वरळीच्या समुद्राकडे जाणारी बस थांब्यावर उभी होती. मी खिडकीशी डुलक्या काढत होते आणि बाहेरून एक पांढरी दस्ती येऊन माझ्या मांडीवर पडली. पाठोपाठ आवाज, "ओ माय, ती बाजूच्या जागेवर टाक. मी येऊन राहिलो."

रुमालाला दस्ती म्हणणारा माणूस मला मुंबईत तोवर भेटला नव्हता. मी मूळची लोह्याची. एसटीच्या खिडकीतून दस्ती टाकली की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा. मुंबईच्या निम्म्या रिकाम्या बसमध्ये तो पाळणारे हे एकटेच. कपाळावर भस्माचे पट्टे, पायात करकरणाऱ्या वहाणा. मी नकळत बोलून गेले, "या की, धरून राहिले मी जागा." अप्पा दारातच थबकले. मग असे हसले की कंडक्टरने वळून पाहिलं.

आमच्या लोह्याकडच्याच मुखेडला त्यांचं किराणा दुकान होतं. बायको गेल्यावर मुलाने ते बंद करायला लावून त्यांना इकडे आणलं. मुलगा-सून भली माणसं, पण सकाळी दोघंही कामाला गेली की घरात बोलायला भिंती. म्हणून अप्पा पास काढून दिवसभर बसने हिंडत. जायचं कुठेच नसे. म्हणायचे, "गाडीत बसलं की माणूस कुठंतरी निघालाय असं वाटतं. घरी बसलं की वाटतं, ठेवलाय."

समुद्राशी त्यांचं कधी जमलं नाही. वळणावर तो दिसला की तोंड फिरवायचे. "येवढं पाणी, अन् घोटभर पिता येत न्हाई. आपलं विष्णुपुरीचं धरण बरं." दस्ती मात्र रोज टाकायचे. कुणीतरी विसरलंय असं समजून लोक ती कंडक्टरकडे देत आणि अप्पा हुज्जत घालत. मी एकदा रागावले, तर म्हणाले, "दस्तीवरून भांडण तरी होतं, माय. न्हाई तर बोलावं कोणाशी?"

मग त्या मार्गावर एसी गाड्या आल्या. खिडक्या उघडेनात. पहिल्या दिवशी अप्पा बाहेरून काचेवर दस्ती आपटत राहिले आणि आतले लोक मोबाइलमधून मान वर करेनात. मी त्यांना खुणेने आत बोलावलं, शेजारी बसवलं. उतरायच्या आधी ते म्हणाले, "पोराला तू सांग. मला मुखेडला धाड म्हणावं. माझं ऐकून न्हाई राहिला त्यो."

नंबर घेऊन मी मुलाला फोन केला. तो काळजीनेच म्हणाला, "ताई, तिथं आता त्यांचं कोण आहे?" मी म्हणाले, "बोलणारं कोणीतरी असेलच." खात्री मलाही नव्हती. दिवाळीनंतर तो स्वतः त्यांना मुखेडला सोडून आला. निघताना आमची भेट झाली नाही. पुढे कितीतरी दिवस शेजारी कुणी बसलं की मी उगाच चिडायचे. माझी बोली बोलायला मलाही ते एकटेच होते.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी बसमध्येच होते.

"अप्पा, भेटले का जुने लोक?"

"कुठं, माय. बरेच गेले. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसलाय. काल स्टँडवर बसलो होतो, तर बाजूचा गडी मलाच इचारतो, बाबा, कुण्या गावचे?"

"मग?"

"सांगितलं, मुखेडचाच."

परत या, असं ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"पर इचारलं तरी, माय."