केळवणं आणि हिरवा चुडा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीच्या माझ्या ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. ताईला आमवात होता. सकाळी मूठ वळायची नाही, बोटांच्या मुळाशी सूज. मुलीच्या लग्नात हिरवा चुडा भरायचाच, हा तिचा हट्ट. पण मापाला घालून पाहिलेली कासाराची बांगडी त्या सुजेशीच अडली.

तिचा समज असा, की हातावर मांस चढलंय. म्हणून ती हात तेलाने चोळून घ्यायची आणि केळवणांना बिनघोर जायची. नातलग आग्रहात कमी नव्हते. "जेवण पोटात जातं, हातात नाही," असं तिचं शरीरशास्त्र.

मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेलो, त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं. आम्ही दोघं गेलो. समई पेटेना, परिचय संपेना. अध्यक्ष आरोग्यावर इतकं बोलले की डॉक्टरांना जेमतेम वेळ उरला. पण तेवढ्यात त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. चरबी ही नुसती साठवण नव्हे. ग्रंथीसारखी तीही रक्तात हार्मोन्स सोडते, आणि त्यांतली काही सांध्यांचा दाह भडकवत असावीत, असा नवा संशय आहे. अजून पक्कं काही नाही. नंतर सर्वांना श्रीखंड-पुरी होती.

परतताना रिक्षात ताई म्हणाली, "म्हणजे पोटावर बसून ती हातांत भांडणं लावते?"

"निनावी पत्रं पाठवणाऱ्या चुलत्यासारखी," मी म्हणालो.

"आपल्याकडे आहेच तसा एक."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वजन उतरवा म्हणाले, पण त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका असंही बजावलं. उरलेल्या केळवणांत ताई ताक पिऊन उठायची. दोन जावा रुसल्या. पेढे मला परत न्यावे लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी कासार आला. "आवं ताई, हात ढिला सोडा. लय ताठ धरलाय." पहिली बांगडी सांध्यापाशी थांबली. ताईने डोळे मिटले. त्याने अंगठा दाबून हात जरा वळवला, आणि ती सरकली. मागोमाग बाकीच्याही.

श्रेय गोळ्यांचं की ताकाचं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पंगतीत विहीणबाई जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला आल्या. ताईने नको म्हणून पानावर चुडा भरलेला हात आडवा धरला, आणि विहीणबाई पुढच्या पंगतीत पोचल्या तरी तो तसाच धरून ठेवला.