तूबाची वाकडी शिवण

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या बिसुतूनच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं आधी शम्सीला कळतं आणि मग गावाला. एकच गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली, आणि ठेवून ठेवून पोट जळून गेलं माझं. आता तूबा मातीत गेली. तुम्ही काही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तूबाचं दुकान माझ्या दाराला लागून. दुकान कसलं, नवऱ्यामागे राहिलेली खोली. तो ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. तो गेला तेव्हा तिचा लेक सीरवान पाळण्यात होता, आणि तूबानं डोळे पुसून नवऱ्याच्याच जाड सुया हातात घेतल्या. आमच्या उशाशी हा एवढा मोठा कडा. दर शुक्रवारी, सुट्टीला, केर्मानशाह शहरातून पोरंपोरी दोर घेऊन येतात नि त्याला पालीसारख्या चिकटतात. परदेशचं सामान मिळत नाही, मिळालं तर घेणाऱ्याचं कंबरडं मोडतं. मग कुणाची सॅक उसवली, कुणाच्या तंबूची चेन अडली, कुणाच्या स्लीपिंग बॅगेतली पिसं उडायला लागली, की आले 'खाला, खाला' करत, जशी काही सख्खी मावशी, तूबाच्या दारात. आधी ती नुसती ठिगळं लावायची. मग एकाचा जुना हार्नेस उसवून, म्हणजे तो कमरेला नि मांड्यांना बांधायचा पट्टा, तो टाका टाका उलगडून तिनं तसाच नवा शिवला. पुढे निम्म्या केर्मानशाहच्या कमरेला तूबाचे पट्टे होते.

तिचे दोन हट्ट होते. एक, काळ्या पट्टीवर लाल दोरा. जाडजूड, मेण चोळलेला, मंद लाल. काळ्यावर काळं शिवलं तर टाका तुटलेला दिसत नाही, म्हणायची. आणि दुसरा, जुना पट्टा आणून दिल्याशिवाय नवा हातात पडायचा नाही. जुना ती मालकाच्या डोळ्यांदेखत मोठ्या कात्रीनं कापायची, तुकडे तुकडे करून. पोरं गयावया करायची. मुराद, त्यांच्यातला सगळ्यात जुनाजाणता, तो तर एकदा हातच जोडून उभा राहिला, "खाला, पहिला पट्टा आहे माझा, आठवण म्हणून राहू दे की."

"आठवण मनात ठेव. मेलेला पट्टा घरात ठेवलास तर उद्या तुझा धाकटा भाऊ बांधेल," ती म्हणाली, आणि कचकच कापला. वर त्यालाच चहा पाजला.

सीरवान याच खोलीत रांगला, याच पट्ट्यांना लोंबकळून मोठा झाला. कड्यावर चढला नसता तरच नवल. पुढे त्याचं रोझानशी लग्न झालं. रोझान म्हणजे हातात जादू असलेली पोर. नवरीचे झगे शिवते, टिकल्या नि जरीचे. माझ्या लेकीचा झगाही तिनंच शिवला. ती दोघं आणि त्यांची लेक बाहार गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. सासूसुनेचं बरं चाललं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? एकमेकींच्या शिवणीला नावं ठेवायच्या, पण हसत.

मग तूबाचे हात थरथरायला लागले. आधी चहाची पेली वाजायची, मग सुईत दोरा जाईना. तिनं स्वतःहून बाहेरचं काम बंद केलं. पण त्या वसंतात सीरवानचा पट्टा झिजला, आणि तो म्हणाला, माझा तूच शिवायचा. ती कितीतरी दिवस त्यावर बसली होती. शिवण अशी झाली होती, जशी आमच्या शेळ्यांची वाट. मी म्हटलंसुद्धा, तूबा, ही काय नागमोडी? ती म्हणाली, वाकडी असू दे, पण दुहेरी आहे, ओढून बघ. मी ओढली. बोटं लाल झाली माझी.

सीरवाननं पट्टा घेतला, तिच्या दोन्ही हातांचा मुका घेतला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाला की आईच्या हातासारखा हात अख्ख्या कुर्दिस्तानात नाही. तूबा लाजली. म्हातारपणी बाई अशी लाजलेली मी पहिल्यांदाच पाहिली. जुना पट्टा तिनं तिथेच कापला.

पुढच्याच शुक्रवारी सीरवान कड्यावरून पडला.

मुरादनं येऊन सांगितलं. दोर शाबूत होता. समोर दोर बांधायची जी लुपी असते, तिची शिवण गेली.  बातमी कुणी पसरवावी लागली नाही. जो तो एकच म्हणत होता, थरथरत्या हाताच्या बाईनं कशाला शिवायला घ्यावं? जी पोरं तिच्या हातचा चहा पिऊन मोठी झाली, तीच म्हणत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलू काय? शिवण तर गेलीच होती.

सुतकात रोझाननं स्वतःची वेणी कापली, जशी आमच्याकडे तरण्या नवऱ्यामागे कापतात. सासूच्या शेजारी बसली नाही, समोर बसली, तिच्याकडे बघत. आणि बायकांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. गुरुवारी दुपारी तो तिच्याजवळ येऊन बसला. सॅकचा खिसा उसवलाय म्हणाला, सुई मागितली. ती झग्याला टिकल्या लावत होती. तिनंच आपल्या डब्यातला लाल दोरा काढून त्याला सुई ओवून दिली. कधी नव्हे ते दोघं शेजारी शेजारी बसून शिवत होती. तो तिची टिंगल करत होता, गुणगुणत होता. "अख्ख्या संसारात तेवढी सुखाची दुपार नव्हती माझी," ती म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तूबा ऐकत होती. मीही ऐकत होते, आणि देवाशपथ, मला तेव्हा काहीही उमगलं नाही.

सातवा दिवस झाल्यावर मुरादनं तो पट्टा आणून तूबाच्या मशीनवर ठेवला आणि मान वर न करता निघून गेला. तूबानं पट्टा उजेडात नेला. टाका टाका तपासला. मग मला बोट लावून दाखवलं.

मांडीच्या पट्ट्यांची शिवण तिची होती. तीच नागमोडी, मंद लाल, मेणाची. एवढा गडी त्या झटक्यानं गेला, पण तिथला एक टाका हलला नव्हता. आणि समोरच्या लुपीतून जे तुटके दोरे लोंबत होते, ते चकचकीत होते. बारीक, रेशमासारखे. तो दोरा मी ओळखला. माझ्या लेकीच्या झग्याला तोच होता.

पोरानं आईची शिवण उसवली होती. ती वाकडी दिसली, त्याला भरवसा वाटला नाही, आणि तिला सांगायची जीभ झाली नाही. म्हणून बायकोशेजारी बसून, पट्टा सॅकच्या आड धरून, सॅकचा खिसा म्हणून, त्यानं ती लुपी सरळ, सुंदर टाक्यांनी पुन्हा शिवली. टिकल्या लावायच्या दोऱ्यानं.

तूबानं पट्टा मशीनवर ठेवला. "सांगायचं होतं ना मला," म्हणाली. "मी काय केलं असतं? चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. जिवंत तर राहिला असता गं, शम्सी."

मी पट्टा उचलला. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता चल. मुरादला दाखवू, गावाला दाखवू, त्या रोझानला दाखवू. ज्यांनी ज्यांनी तोंड वाजवलं, त्यांच्या तोंडावर मारू हा.

"रोझानला?" तूबा म्हणाली. "सुई तिनं ओवून दिली."

मी पट्टा खाली ठेवला.

"तिच्याकडे तेवढी एकच दुपार आहे," ती म्हणाली. "तीही काढून घेऊ? माझ्यावर चिडू दे तिला. चिडायला कुणीतरी असलं की माणूस जगतं."

तिनं कात्री घेतली, पण हातात ती नीट धरवेना. मी पुढे झाले, तर मला ढकललं. तेवढ्यात दारात रोझान. पट्टा इथे आलाय हे मुरादकडून कळलं असावं तिला. तूबानं दोन्ही हातांनी कात्री आवळली आणि आधी ती लुपीच कापली, मग ते चकचकीत दोरे, बारीक बारीक करून.

"पुरावा कापतेस?" रोझान दारातूनच म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. "या हातांनी माझा माणूस खाल्ला. हे हात झडतील तुझे."

तूबा म्हणाली, "हो गं पोरी." आणि कापत राहिली. मी ओठ असे दाबून धरले होते की रक्त आलं. रोझान गेल्यावर मी म्हटलं, तुझ्या शिवणीचा तो मांडीकडचा तुकडा तरी ठेव गं, तुझ्यासाठी. तिनं तोही कापला.

त्यानंतर तिच्या दारात कुणी आलं नाही. मशीनवर चादर पडली. नात बाहार शाळेला जायची ती आमच्या गल्लीतून, दप्तराचा बंद तुटून लोंबत असायचा, पण आईनं बजावलं होतं की आजीला हात लावू द्यायचा नाही. तूबा खिडकीतून तो बंद बघायची. तो कसा शिवायचा, कुठे दुहेरी टीप घालायची, ते मला सांगत बसायची. मी मूग गिळून ऐकायची. किती वेळा ओठांवर आलं असेल, कसं सांगू? आमच्या रोजच्या चहात तिनं एकदाही मला शपथ घातली नाही. शपथ घातली असती तर मी मोडली असती, हे ती ओळखून होती.

ती गेली या हिवाळ्यात, झोपेत. तिच्या सुतकाला रोझान येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आली. केसांत पांढरं आलंय आता तिच्या. माझ्याजवळ बसली, चहा घेतला, आणि हळूच म्हणाली, "शम्सी खाला, मी तिला माफ केलं."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं.

"मी आता तो शुक्रवार आठवतच नाही," ती म्हणाली. "ती दुपार आठवते. मी सुई ओवून दिली होती ना, ती."

"बरं केलंस गं," मी म्हटलं, आणि खजुराचं ताट तिच्यापुढे सरकवलं.